खडीच्या बेडवर पाणी वर आलं, दोष निघाला टँकमध्ये (माझा अनुभव)

आमची वस्ती ५० घरांची. मोठी ड्रेनेज लाइन इथपर्यंत येणार नाही हे माहीतच होतं, म्हणून ६ वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून दोन कप्प्यांची सेप्टिक टँक आणि तिच्यापुढे सांडपाणी स्वच्छ करायला खडीचा बेड केला, वर कर्दळ आणि पाणकणीस लावलं. वीज नाही, पंप नाही, उताराने पाणी आपोआप जातं. पहिली ४ वर्षं इतकं छान चाललं की तिकडे कोणी बघेनासंच झालं.

मग पाचव्या वर्षी जिथून पाणी बेडमध्ये शिरतं त्या बाजूला खडीवर काळपट पाणी साचायला लागलं, सडक्या अंड्यासारखा वास आणि संध्याकाळी डासच डास. खरं तर पाणी खडीच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली राहिलं पाहिजे, वरून बेड कोरडाच दिसायला हवा. मला वाटलं झाडांच्या मुळांनी खडी गच्च झाली असणार. दोन रविवार झाडं कापण्यात घालवले, काहीच फरक नाही. मग बाहेर जाणाऱ्या पाइपची लेव्हल खाली केली, दोन दिवस बरं वाटलं आणि परत तेच.

शेवटी वस्तीतल्याच एका रिटायर्ड इंजिनियर काकांनी विचारलं, "टँकमधला गाळ कधी मोजलात?" कधीच नव्हता मोजला!

पद्धत एकदम सोपी आहे. लांब बांबूच्या खालच्या भागाला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळायचा, बांबू हळूच तळाला टेकवायचा, दोन-तीन मिनिटं थांबून सरळ वर काढायचा, टॉवेलवर जिथपर्यंत काळे कण चिकटलेत तेवढा गाळ. गाळ पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाला की उपसायची वेळ झाली असं समजायचं. आमचा अर्ध्याच्या वर गेला होता.

आणि हे कळल्यावर सगळं जुळलं. टँकमध्ये पाणी साधारण एक-दोन दिवस शांत उभं राहतं म्हणून जड मैला खाली बसतो आणि तेलकट साय वर तरंगते, गाळाने जागा खाल्ली की पाणी थांबतच नाही, मैला घेऊन तसंच पुढे खडीत जातं. त्यात आमच्या आउटलेटचा टी-पाइप (वरची साय अडवून खालचं पाणी बाहेर सोडणारा टी आकाराचा पाइप) तुटलेला, म्हणजे वरची सायसुद्धा सरळ बेडमध्ये. आम्ही मात्र झाडांना दोष देत बसलो होतो.

उपसण्याच्या दिवशी एक गोष्ट मी सगळ्यांना ओरडून सांगत होते आणि इथेही सांगते, टँकमध्ये कोणीही उतरायचं नाही, डोकंसुद्धा आत घालायचं नाही, भले पाइप आत पडू दे. तो सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो, वाचवायला उतरणारा दुसराही जातो. काम सक्शन टँकरनेच करून घेतलं. टी-पाइपही वरूनच बसवला.

सगळ्यात जास्त घाम मात्र खडीने काढला. सुरुवातीची दोन मीटर खडी पूर्ण चिकट काळी झाली होती, ती काढली, त्या जागी धुतलेली मोठी खडी भरली, बाकीच्या बेडला हातही लावला नाही कारण पुढे ती स्वच्छच निघाली. सगळा बेड उकरायला निघालो होतो आम्ही, काकांनी थांबवलं म्हणून बरं.

तीनेक आठवड्यांत वास गेला, दोन महिन्यांनी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना बर्फात ठेवून लॅबला दिला. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) रिपोर्ट यायला वेळ लागतो कारण नमुना २० अंशांवर ५ दिवस ठेवावा लागतो, ते ५ दिवस मला झोप नव्हती. रिपोर्ट चांगला आला.

आता बांबू आणि टॉवेल टँकशेजारीच टांगलेत, दर ६ महिन्यांनी दोन घरं मिळून गाळ मोजतात आणि आकडा भिंतीवर ऑइलपेंटने लिहितात. पुढची पाळी आमची आहे.