केस जिंकली पण क्रूस गेला ना राव

२०१८ ला जर्मनीत बव्हेरियाच्या सरकारने ऑर्डर काढली, प्रत्येक सरकारी ऑफिसात शिरल्या शिरल्या दिसेल असा क्रूस लावा, ही आपली संस्कृती, आपली ओळख वगैरे. चर्चवाले खुश झाले असतील असं वाटेल, पण झालं उलटं. म्युनिकचे कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनीच झापलं की क्रूसाला नुसती कल्चरची खूण समजत असाल तर तो तुम्हाला कळलाच नाही.

मला हे जाम पटलं. कारण इटलीत एका आईने शाळेच्या वर्गातला क्रूस काढा म्हणून केस केली, २००९ ला जिंकली आणि २०११ ला स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टाच्या मोठ्या बेंचने १५ विरुद्ध २ ने निकाल फिरवला, का तर म्हणे भिंतीवरचा क्रूस हे 'निष्क्रिय' चिन्ह आहे, त्याने पोरांवर काही लादलं जात नाही. आपले ख्रिस्ती लोक लगेच फॉरवर्ड करायला लागले, विजय विजय! अरे कसला विजय? बायबलमध्ये पौल करिंथकरांना लिहितो की हा क्रूसावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो, आणि तुम्ही कोर्टात जाऊन सांगता की साहेब याने कोणाला काहीच होत नाही.

मुळात क्रूसावर चढवणं ही रोमन सरकारची शिक्षा, गुलाम आणि बंडखोरांसाठी, रस्त्याच्या कडेला सगळ्यांनी बघून घाबरावं म्हणून. मार्कच्या शुभवर्तमानात येशूला क्रूसावर चढवायला नेतानाची एक ओळ आहे, शिमोन नावाचा माणूस रानातून येत होता, आलेक्झांडर आणि रूफचा बाप, त्याला शिपायांनी धरलं आणि येशूचा क्रूस उचलायला लावला. बिचारा आपल्या वाटेने चाललेला! सत्तेच्या हातात क्रूस असला की तो असा दुसऱ्याच्या खांद्यावर येतो, मला तरी ते वाचताना हेच दिसतं.

आता आमचे बांद्र्याचे गल्लीतले क्रूस बघा, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या वेळचे. माणसं पटापट मरत होती, औषध नव्हतं, मग लोकांनी घाबरून नाक्यावर क्रूस उभा केला आणि साकडं घातलं. मे महिन्यात अजूनही तिथे संध्याकाळी रोझरी (माळेची प्रार्थना) होते, मेणबत्त्या, झेंडूचे हार, आणि शेवटी उकडलेले चणे, ते घ्यायला सगळ्या जातीधर्माची पोरं हजर (मोठी माणसं पण, उगाच लाजू नका). रस्ता रुंद करायचा निघाला की हेच क्रूस 'अनधिकृत' ठरतात, मग लोक जुने कागद शोधत बसतात की बाबा रस्त्याच्या आधीपासून आहे हा.

तर मला विचाराल तर सरकारी भिंतीवरचा उतरवला तरी माझी काही हरकत नाही, पण नाक्यावरचा हलवायला आलात तर मी त्या लोकांसोबत उभा राहणार, यात मला काही विसंगती वाटत नाही, तो कोणी ऑर्डर काढून लावलेला नाहीये.