नागपूरचा मे आणि ४.९ गिगाहर्ट्झ

जानेवारीत सगळं छान चाललं होतं. माझा प्रोसेसर इंटेलचा आय५-८६००के, सहा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या सहा भागांचा. सगळ्या कोअरवर लोड असताना तो मुळात ४.१ गिगाहर्ट्झवर चालतो; मी त्याला ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, १.३५ व्होल्टवर ४.९ पर्यंत नेलं होतं. हवेवरचा मोठा टॉवर कूलर, खोलीत २२ अंश. व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला तरी प्रोसेसर ७८ च्या वर जात नसे.

मग मे उजाडला आणि लग्नसराईचं एडिटिंग अंगावर आलं. रात्री एक्स्पोर्ट लावून झोपलो, सकाळी पाहतो तर मशीन रीस्टार्ट झालेलं आणि फाइल अर्धवट. दुसऱ्या रात्री जागा राहिलो. निळी स्क्रीन आली: क्लॉक वॉचडॉग टाइमआउट, म्हणजे एखादा कोअर वेळेत प्रतिसाद देईना. व्होल्टेज कमी पडतंय असं समजून मी ते १.३८ केलं, आणि तिथेच चुकलो. आता प्रोसेसर थेट १०० अंशांना टेकला आणि स्वतःचा वेग स्वतःच खाली आणू लागला.

खोलीत तेव्हा ३७ अंश होते. हवेवरचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच तापतो. शिवाय गरम झालेल्या चिपला त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज लागतं, ते दिलं की ती आणखी तापते. या चक्रातून बाहेर पडायचं तर वेगच कमी करायला हवा होता. हे पटायला मला दोन रात्री लागल्या.

मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या किती पट वेग, तो आकडा) ४७ वर, म्हणजे वेग ४.७ गिगाहर्ट्झवर आणला. व्होल्टेज ऑटोवर ठेवलं नाही, कारण माझा मदरबोर्ड ऑटोवर गरजेपेक्षा बरंच जास्त देतो. १.२८ पासून ०.०१ ने खाली येत गेलो, प्रत्येक पायरीला वीस मिनिटं टेस्ट. १.२२ ला मशीन कोसळलं. १.२३ ला टिकलं, पण मी १.२४ वर थांबलो.

लोड लाइन कॅलिब्रेशनशीही बराच झगडलो. लोड आला की व्होल्टेज थोडं पडतं, ही सेटिंग ती घट भरून काढते, म्हणून आधी मी ती सगळ्यात वरच्या लेव्हलला ठेवली होती. पण लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर लावलेल्या आकड्याच्याही वर उसळतं, आणि मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये ती उसळी दिसतही नाही. आता मधली लेव्हल ठेवली आहे.

उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. ४.९ व १.३५ च्या जागी ४.७ व १.२४ घालून पाहा: वेग ४ टक्क्यांनी कमी, उष्णता मात्र जवळपास १९ टक्क्यांनी कमी. तासाभराच्या एक्स्पोर्टला दोन-अडीच मिनिटं जास्त लागतात, एवढंच. त्याच ३७ अंशांच्या खोलीत प्रोसेसर आता ८२-८३ वर स्थिर राहतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात डेझर्ट कूलर लागतोच. त्याच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. त्या हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात. मी कॅबिनेट बाजूच्या भिंतीला सरकवलं, हीटसिंकमधली धूळ काढली, थर्मल पेस्ट नव्याने लावली.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, हिवाळ्याचं जुनं प्रोफाइल अजून सेव्ह आहे. पण जूनमध्ये पाऊस लागला तरी मी त्याला हात लावला नाही. एक्स्पोर्ट पहाटेपर्यंत पूर्ण होतो आणि फॅनचा आवाज पलीकडच्या खोलीत झोपलेल्या आईपर्यंत जात नाही.