वलंदेजाचं ठिगळ

बोट फिरवलं आणि बारीक चर लागला. पुण्यातल्या एका वाड्याच्या सागवानी दरवाजाला आठवड्यापूर्वी बसवलेलं ठिगळ होतं ते. चूक घाईची. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने सांध्यालगतचं लाकूड फुगतं; ते फुगलेलं असतानाच त्या संध्याकाळी रंधा मारला होता. लाकूड सुकून बसलं आणि कडेने चर पडला.

नकाशावर अशा ठिगळाचं इंग्रजी नाव होतं, 'डचमन, ४ नग'; डचमन म्हणजे डच माणूस, आपला वलंदेज. उरलेली तीन त्या दिवशी करायची होती.

मिस्त्री मामा चौकोनी खाच आखू लागले, तेव्हा थांबवलं. चौकोनाच्या आडव्या कडा लाकडाच्या रेषा काटकोनात तोडतात, म्हणून लांबूनही दिसतात. शिवाय तिथे गोंद नीट धरत नाही. तुकडा शंकरपाळ्यासारखा हवा, टोकं रेषांच्या दिशेने. वाड्याच्याच जुन्या तुळईतून १० मिमी जाडीचे तुकडे काढले. खालच्या कडा किंचित आत घेतल्या की तुकडा पाचरीसारखा दाटून बसतो. आधी तुकडा, मग खाच: तो जागेवर ठेवून भोवती धारदार सुरीने आखायचं, पेन्सिलीने नाही, कारण तिची रेघच जाड असते. पटाशीने खाच ८ मिमी. साग तेलकट, म्हणून गोंदाआधी दोन्ही बाजू थिनरने पुसल्या. वरचे २ मिमी या वेळी पूर्ण वाळल्यावरच तासायचे.

"पण डचमन का?" मामांनी विचारलं.

यावर एकमत नाही. १६५२ ते १६७४ या काळात इंग्रज आणि डच तीनदा लढले. त्या वैरातून इंग्रजीत 'डच' म्हणजे खोटं, हलकं असा अर्थ रुजला, असं एक मत. दुसरं असं, की अमेरिकेत जर्मनांनाही 'डच' म्हणत, तेव्हा ज्याच्यावरून नाव पडलं तो सुतार जर्मनही असेल. तिकडे नाटकाच्या नेपथ्यात दोन चौकटींमधली फट झाकणारी कापडाची पट्टीही डचमनच. लाकूडतोड्यांत मात्र तो दोष: झाड पाडताना खोडात घेतलेल्या खाचेचे दोन काप नीट जुळले नाहीत, तर झाड भलतीकडे पडतं किंवा उभं चिरतं.

"म्हणजे आमच्या वेंगुर्ल्यात वखार होती ते वलंदेज?" मामा तिकडचेच. "त्यांनी लाकडाची खोट लपवली होय?"

मला 'डचमन' हा शब्द तेव्हापासून फार खटकतो. नीट बसवलेला तुकडा काही लपवत नाही, दरवाजा वाचवतो. तिन्ही तुकड्यांच्या पोटावर पेन्सिलीने तारीख लिहिली, मग गोंद लावून शिकंजे आवळले. वहीत नोंद केली: ठिगळ, ३ नग.