रात्रीची एक गोळी आणि रद्द झालेला स्कॅन

इंजेक्शन शिशाच्या डब्यातून आलं होतं, माझ्या हाताला सुई टोचून चिकटपट्टीही लावून झाली होती. तेवढ्यात न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनी विचारलं, “ताई, डोकेदुखीसाठी रात्री काही घेता का?” मी म्हटलं, हो, अमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. त्यांनी सुई काढायला लावली. एमआयबीजी स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं औषध टोचून ठरावीक गाठी शोधणारी तपासणी, रद्द.

मला रडूच फुटलं. त्या किरणोत्सारी आयोडीनचा थायरॉईडला धक्का लागू नये म्हणून साध्या आयोडीनचे तपकिरी, कडवट थेंब पाण्यातून घेत होते, शाळेत रजा टाकली होती. आणि औषधांची यादी आधी कुणी विचारलीच नव्हती!

दीड वर्ष मला झटके येत होते. डोकं ठणकायचं, घामानं ब्लाऊज भिजायचा, छाती धडधडायची, आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत. मायग्रेन म्हणून ती गोळी सुरू झाली आणि झटके उलट वाढले. पुढे २४ तासांच्या लघवीत मेटानेफ्रिन (ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांपासून बनणारं द्रव्य) वाढलेलं निघालं, सीटीत मूत्रपिंडावरच्या डाव्या ॲड्रिनल ग्रंथीवर गाठ दिसली. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ही संप्रेरकं भरमसाट सोडणारी गाठ. ती आणखी कुठे आहे का, हे स्कॅनमध्ये पाहायचं होतं.

डॉक्टरांनी त्या दिवशी मला बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. अनुकंपी (सिंपथेटिक, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या) चेतातंतूच्या टोकाशी बारीक पिशव्यांमध्ये नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन भरलेलं असतं. संदेश आला की कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या फुटतात, रक्तवाहिन्या आवळतात. मग सांडलेलं बरंचसं नॉरॲड्रेनॅलिन तेच टोक परत आत ओढून घेतं आणि पुन्हा पिशव्यांत भरतं. एमआयबीजी त्याच्यासारखंच दिसतं, म्हणून त्याच दारानं आत जातं. गाठीच्या पेशींनाही तेच दार असतं. अमिट्रिप्टिलिन नेमकं ते दार अडवतं. म्हणजे गाठ असूनही स्कॅनमध्ये कदाचित दिसली नसती, आणि तिनं सोडलेलं नॉरॲड्रेनॅलिन आवरायची वाटही बंद. माझे झटके का वाढले असतील, ते मला तिथे कळलं.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे घरी येऊन वाचत बसले. अमेरिकी शास्त्रज्ञ ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्या प्रयोगशाळेत १९६१ साली मांजराच्या मानेतली एका बाजूची अनुकंपी चेतागंडिका (चेतापेशींचा पुंजका) काढून टाकली आणि नंतर किरणोत्सारी नॉरॲड्रेनॅलिन टोचलं. चेतातंतू सुकलेल्या बाजूच्या लाळग्रंथीत ते जेमतेम साठलं, दुसऱ्या बाजूला भरपूर. परत ओढणारे चेतातंतूच आहेत, हे त्यातून उघड झालं. १९७० च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता. केवढी स्वच्छ कल्पना!

गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केली. लघवीची तपासणी पुन्हा केली, कारण त्या गोळीनं तो आकडाही फुगू शकतो. तो वाढलेलाच निघाला. काही आठवड्यांनी इंजेक्शन झालं, अगदी सावकाश, बीपीवर नजर ठेवून. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याखाली हलू न देता झोपवलं.

पडद्यावर जबड्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके दिसले आणि माझे हातपाय गार पडले. “पसरलंय का हो?”

“नाही ताई, त्या तुमच्या लाळग्रंथी. तिथे अनुकंपी तंतू आहेत ना, त्यांनी घेतलंय.” मग त्यांनी बोट खाली नेलं. डाव्या मूत्रपिंडाच्या वर एकच ठळक गोळा होता. बाकी कुठे काही नव्हतं.