कढीपत्त्याची कुंडी, एक नग

दुसरीच्या वर्गाला फुलपाखराचा जीवनक्रम जिवंत अळ्या दाखवून शिकवायचा, तर अळ्या मिळवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. ठाण्यात पाऊस सुरू झाला की बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर त्या आपसूक येतात. आमच्याकडे दरवर्षी येतात, आणि फोडणीला पान उरत नाही म्हणून सासूबाई दरवर्षी चिडतात. अवघड आहे ते शाळेचं ऑफिस.

मोठ्या बाई लगेच हो म्हणाल्या होत्या. ‘करा की, छान आहे. फक्त ऑफिसला लेखी देऊन ठेवा.’ या ‘फक्त’मध्ये माझा अर्धा पावसाळा गेला.

आमच्या शाळेत वर्गात कुठलीही वस्तू आणायची तर एकच छापील अर्ज आहे: साहित्य मागणीचा. साहित्याचे नाव, नग, दर, पुरवठादार, कोटेशन जोडले आहे किंवा नाही. मी भरलं: अळ्या, नग अंदाजे, दर निरंक, पुरवठादार घरचा कढीपत्ता. अर्ज परत आला, ‘पुरवठादार’भोवती पेन्सिलीचा गोल करून. मी ऑफिसात गेले. क्लार्क समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘बाई, बिल नाही तर मी यांना स्टॉकला कसं घेऊ?’

‘घ्यायचंच नाहीये. त्या उडून जाणार आहेत.’

‘मग डेडस्टॉकला टाकू का?’

ते चेष्टा करत नव्हते. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टेबल-खुर्च्यांसारख्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, उघडून पेन हातात धरून बसले होते.

अर्जाला जरा वजन यावं म्हणून मी पुढच्या खेपेला एक परिच्छेद जोडला. ब्लू मॉर्मन हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, असं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, आणि माझ्या कढीपत्त्यावर येतं ते कॉमन मॉर्मन त्याचंच भाऊबंद. झालं! ‘राज्य फुलपाखराचे नातेवाईक म्हणजे वनखात्याचं पत्र लागेल का, ते बघावं लागेल.’ तुम्ही अर्ज कराल तेव्हा कृपा करून माहितीपर काही लिहू नका. जितकं जास्त लिहाल तितके प्रश्न.

मग खाजेचा मुद्दा निघाला. हा मला मान्य आहे. केसाळ सुरवंटाने खाज सुटते, पालक घाबरतात. कढीपत्त्यावरची अळी गुळगुळीत असते, तिच्याने काही होत नाही, हे मी तोंडी सांगितलं, फोटो दाखवला. उत्तर आलं, सगळ्या पालकांची संमतीपत्रं घ्या आणि विषय व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा. बैठक पुढे ढकलली गेली. मग परत पुढे ढकलली गेली.

इकडे अळीला बैठकीशी काही देणंघेणं नव्हतं. पिवळसर, मोहरीपेक्षाही लहान अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. माझा पहिला अर्ज परत आला तोवर अंड्यांची टरफलंही अळ्यांनी खाऊन टाकली होती. संमतीपत्रांच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना त्या कात टाकत होत्या. चारदा टाकतात. मी रोज घरी येऊन बघायचे आणि चरफडायचे, कारण नेमकं हेच मुलांनी बघायला हवं होतं. समितीची बैठक होण्याआधीच पहिलं फुलपाखरू बाल्कनीच्या जाळीतून समोरच्या इमारतीकडे निघून गेलं.

शेवटी मी जुना अर्ज मागे घेतला आणि नवा भरला. साहित्याचे नाव: कढीपत्त्याची कुंडी. नग: एक. दर: निरंक. पुरवठादार: स्वतः. शेरा: काम झाल्यावर घरी नेणार. दुपारच्या सुट्टीच्या आत सही! कुंडीवर काय बसलंय हे अर्जात कुठेच विचारलेलं नाही. मोठ्या बाईंना खरं काय ते सांगितलं, त्या नुसत्या हसल्या. पालकांना मी वहीत चिठ्ठी पाठवली, एकाचीही तक्रार आली नाही. मला याचा अजूनही अभिमान वाटतो.

पावसाळ्यात कॉमन मॉर्मन पुन्हा पुन्हा अंडी घालतं, म्हणून दुसरी खेप मिळाली. वर्गातलं सगळं सुरळीत झालं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. लहान अळी पांढऱ्या-तपकिरी ठिपक्याची असते. ‘बाई, ही चिमणीची शी आहे!’ असं वर्ग ओरडला, तेव्हा पक्ष्यांनाही तसंच वाटावं म्हणून ती अशी दिसते, हे एका वाक्यात सांगून झालं. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. तिला डिवचलं की डोक्यामागून लाल दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि आंबूस वास सुटतो. हा वास मुलांना इतका आवडला की मला डिवचण्यावर बंदी घालावी लागली. कोश करताना अळी कंबरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन काडीला टेकते, खांबावर चढलेल्या वायरमनच्या पट्ट्यासारखा. तक्त्यावरच्या चित्रात हा धागा नसतो. मुलांनी मात्र आपापल्या वहीत तो काढला.

एका कोशातून फुलपाखरू न येता बारीक गांधीलमाश्या निघाल्या. होतं असं, त्या कोशात अंडी घालतात. तो कोश लपवू नका. सगळ्यात चांगले प्रश्न त्या दिवशी आले.

अळ्या हाताने उचलू नका, पानासकट हलवा. बाजारातली कढीपत्त्याची जुडी घालू नका. फवारणी झालेली असली तर अळ्या सकाळपर्यंत मरतात. येऊरहून काही उचलून आणायचं नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे. घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी फुलपाखरं बघायला उत्तम, पण अंडं ते फुलपाखरू हे सगळं एका सहलीत दिसत नाही, म्हणून ती शेवटी ठेवा.

कुंडीला जाळी लावलीत तर आत खरबरीत काड्या हव्यात. नव्या फुलपाखराला लटकून पंख पसरायला जागा मिळाली नाही तर ते चुरगळलेलेच वाळतात. आणि तारखा मोजा: अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना धरा, म्हणजे कोश गणपतीच्या सुट्टीत अडकणार नाही.

हो, पेस्ट कंट्रोल! हे आधीच सांगायला हवं होतं. शाळेत फवारणी कधी आहे ते विचारून कुंडी त्या दिवशी घरी न्या. ऑफिसात विचारलंत तर अर्ज देतील. शिपाईमामांना विचारा.