काळी आणि पांढरी

27 मे, रात्री

आज मामांसोबत माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी माती टाकली. गढीची ढासळलेली माती पाटीनं वर चढवायची, ढेकळं फोडायची आणि उतार पाणी जायच्या पन्हाळाकडे ठेवत सारखी पसरायची. पावसाळ्याआधी हे झालंच पाहिजे, नाहीतर घर गळतं. एका पाटीतून गाडग्याच्या काठाचं खापर निघालं, बोटभर जाड, आतून काळं पडलेलं. मामांनी ते न बोलता कठड्यावर ठेवलं.

माळवदाला रानातली काळी माती चालत नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. आत्ता रानात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजून ही चिकणमाती झाली. पाणी धरून फुगण्याचा तिचा जो गुण घराला नको, तोच पिकाला मात्र जगवतो. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी परतीच्या पावसानं मुरलेल्या ओलीवर थंडीभर उभी राहते, पाट नाही की मोटर नाही. म्हणून आपल्याकडे काळी म्हणजे रान आणि पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या कागदांतही गावाचे हे दोन भाग असेच येतात.

पांढरी माणसांनी केलेली आहे. चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडं, पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून उत्खनन केलं, तेव्हा अशाच थरांतून तीन हजार वर्षांहून जुनी घरं, चुली आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसं सापडली.

संध्याकाळी भावकीतून फोन आला, "माती सकाळी नऊला आहे." थोरल्या आत्या गेल्या. मामी लगेच चुलीपुढून उठल्या. जाणाऱ्याला आमच्याकडे मातीच देतात, दहन असलं तरी.

एक गोष्ट मनातून जात नाही. गढीचा मागचा बुरूज यंदा जेसीबीनं उकरून रस्त्याच्या भरावाला नेला. घरापुरती पाटी-दोन पाटी माती सगळं गाव नेत आलं आहे, तिला कुणी अडवू नये. पण ट्रॉल्या भरभरून जी गेली, तिच्यात काय काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. मला याचा फार राग आला आहे. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार, आणि मामा सोबत येतो म्हणालेत.