मावशी मरते तिथलं म्युझिक

गाणं अडलं की मी फोल्डर आवरायला घेतो. अंतऱ्याची दुसरी ओळ सुचत नसली, की फाइलींच्या नावांमधल्या मोकळ्या जागा काढून तिथे अंडरस्कोर टाकत बसण्यासारखं सुख नाही. बघणाऱ्याला वाटतं माणूस कामात आहे. कानाला हेडफोन, भरलेला स्क्रीन, कपाळावर आठी. वाशीतल्या आमच्या सिडकोच्या घरात या आठीला अजून मान आहे. ती दिसली की कुणी कोथिंबीर आणायला पिटाळत नाही.

मी संगीत करतो म्हणजे एकांकिकांचं पार्श्वसंगीत, शाळांची स्नेहसंमेलनं, सोसायटीच्या गणपतीची आरती ‘जरा मॉडर्न करून’, अधूनमधून एखाद्या मिठाईवाल्याची जिंगल. सगळं रीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर. आणि या धंद्यात नवीन आलेल्या प्रत्येकाची एक गोड समजूत असते, की प्रोजेक्टची फाइल जपली म्हणजे गाणं जपलं.

रीपरची प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघावी. उघडते, कारण तो साधा मजकूर असतो. एबलटन लाइव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरची फाइल दाबून ठेवलेली असते, पण ती सोडवली तर आत तीही मजकूरच निघते. मी एकदा एका बालनाट्याचं गाणं असं सबंध वाचून काढलं. टेम्पो अमुक, ट्रॅकचं नाव तमुक, हा तुकडा इतक्या सेकंदाला सुरू, लांबी इतकी, आवाज डिस्कवरच्या अमुक फोल्डरातल्या तमुक फाइलीत. मध्येच प्लगिनच्या, म्हणजे वाद्यं आणि इफेक्ट पुरवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरच्या, सेटिंगचे, डोळे फिरतील असे अक्षरांचे ठोकळे. वाण्याची खतावणी वाचावी तसं गाणं वाचलं, आणि त्यात आवाज एकही नव्हता. बासरी नाही, बासरी कुठे राहते तेवढा पत्ता.

म्हणून आवराआवर जपून करावी लागते. नेटकेपणाच्या भरात ‘रेकॉर्डिंग्ज’ हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं, की पत्ता तोच राहतो आणि घर रिकामं होतं. सॉफ्टवेअर विचारतं, फाइल सापडत नाही, कुठे शोधू? यावर उपाय प्रत्येक सॉफ्टवेअरने दिलेला आहे. रीपरमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना सगळा ऑडिओ प्रोजेक्टच्याच फोल्डरात कॉपी करायची खूण असते, एबलटनमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’, एफएल स्टुडिओत सगळं एका झिपमध्ये बांधून देतात. जागा खातं, हे खरं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने रेकॉर्ड केलेल्या एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी लागतात. चार मिनिटांचं गाणं आणि वीस ट्रॅक म्हणजे जवळजवळ ७०० एमबी. पण डिस्क विकत मिळते, तबलजीची ती दुपार मिळत नाही.

वाद्यांचेही पत्तेच असतात आणि ती घरं आपल्या हातातही नसतात. २०१९ साली मॅकच्या कॅटालिना या सिस्टिमने जुन्या ३२ बिटच्या सगळ्या सॉफ्टवेअरना दार बंद केलं, तेव्हा कितीतरी जुनी प्लगिन्स एका अपडेटमध्ये मुकी झाली. तेव्हापासून शहाणी माणसं काम संपलं की प्रत्येक ट्रॅक वेगळा वाजवून त्याची वेव्ह फाइल करून ठेवतात. प्लगिन गेलं तरी त्याचा आवाज राहतो.

नावांचं प्रकरण मात्र वेगळं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ यांवरचे विनोद जगाने करून झालेत, मी भर घालत नाही. माझी बाजू एवढीच, की ज्या नवी मुंबईत मी राहतो ते शहर कागदावर आखून मग वसवलं. १९७० साली सिडको स्थापन झाली, नोड म्हणजे वाशीसारखी उपनगरं पडली, सेक्टर पडले, सेक्टरांना आकडे पडले. एवढ्या मोठ्या नियोजनातही वाशीत सेक्टर ९ च्या शेजारी ९ए आहे, १० च्या शेजारी १०ए. आखणाऱ्यांना जमलं नाही ते माझ्या फाइलीच्या नावातल्या ‘व्ही३ए’ला कुणी हसू नये.

आता मी फाइलच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहितो, म्हणजे कॉम्प्युटर ती आपोआप ओळीने लावतो. उलटी लिहिली की एक जानेवारी आणि एक डिसेंबर मांडीला मांडी लावून बसतात. तारखेपुढे संस्थेचं छोटं नाव, टेम्पो, सूर. सूर ‘काळी दोन’ असा लिहायची फार इच्छा आहे, पण फाइलच्या पत्त्यात देवनागरी आली की काही जुनी प्लगिन्स अडखळतात, म्हणून रोमनमध्ये ‘के२’.

आमचा तबलजी ठाण्याला, नौपाड्यात असतो. तो यातलं काही मानत नाही. तो व्हॉट्सॲपवर तुकडे पाठवतो आणि व्हॉट्सॲप त्यांची नावं स्वतःच्या मनाने ठेवतं: तारीख, डब्ल्यूए, चार आकडे. रूपक आणि दादरा, नावावरून ओळखून दाखवा. शिवाय व्हॉइस नोट म्हणून आलेला आवाज आवळून आलेला असतो, डग्ग्याची घुमक नौपाड्यातच राहते. “डॉक्युमेंट म्हणून पाठव रे, नाव पण राहतं आणि आवाज पण,” असं मी त्याला सांगतो. तो म्हणतो, “त्यापेक्षा मीच येतो.” आणि खरंच ट्रान्सहार्बर लोकलने वाशीला येतो, चहा घेतो, वाजवतो. हा आजवरचा सर्वांत कमी गोंधळाचा फाइल ट्रान्सफर आहे.

त्याच्या या येण्यामुळे एक बटण मी कधी दाबत नाही. रीपरच्या मेनूत प्रोजेक्टचं फोल्डर साफ करायची सोय आहे. गाण्यात न वापरलेल्या फाइलींची यादी समोर येते, निवडा आणि उडवा. फार सुबक सोय. पण त्या यादीत चुकलेल्या तिहाया असतात, ‘थांब, कुकर होऊ दे’ असतं, आणि तिहाई चुकल्यावर त्याने स्वतःलाच घातलेल्या शिव्या असतात. शिव्या लयीत आहेत. यादी बघून मी खिडकी बंद करतो. नेटकेपणाचा एवढा अतिरेक मला पटत नाही.

तर इतकं सगळं करून, सगळ्या फाइली वर्ष-महिना-दिवस रांगेत उभ्या असताना, एका रविवारी ताईंचा फोन आला. ताई म्हणजे आमच्या एका हौशी संस्थेच्या दिग्दर्शिका.

“अरे, ते मावशी मरते तिथलं म्युझिक पाठव ना. परवा भाव्यांत प्रयोग लागलाय.”

“ताई, टेम्पो काय होता आठवतंय? किंवा साधारण कुठल्या महिन्यात केलं होतं?”

“मला काय माहीत! हळू होतं. तू आधी बासरी टाकली होतीस, मग मी ओरडले, मग काढलीस, ते.”

माझ्या नावांच्या शिस्तीत ‘ताई ओरडल्या’ ही जागाच नव्हती. आणि गंमत म्हणजे ताईंनी दिलेली खूण चोख होती. ऐकताक्षणी तो सगळा प्रसंग मला आठवला, फक्त फाइल आठवेना. वाशीत तरी दुसरं काय चालतं? विष्णुदास भावे नाट्यगृह सेक्टर १६ए मध्ये आहे, पण रिक्षावाल्याला कुणी १६ए सांगत नाही, ‘भावे’ म्हणतात. शिवाजी चौक, ब्लू डायमंडचा सिग्नल, मिनी सी-शोअर. आकडे सिडकोच्या नकाशासाठी आणि कुरिअरवाल्यासाठी. माझी नावंही अशीच, कॉम्प्युटरने रांग लावावी म्हणून. संगीत मागायला कॉम्प्युटर येत नाही, ताई येतात.

रीपरच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये नोट्सचं एक पान असतं. मी ते कधी उघडलेलं नव्हतं. आता प्रत्येक कामात तिथे मराठीत लिहितो, लोक बोलतील त्याच शब्दांत: ‘आजोबा पत्र वाचतात’, ‘ब्लॅकआउटच्या आधीचं धडाम’, ‘मिठाईवाल्याच्या मेहुण्याला न आवडलेलं’. फाइलचं नाव रोमन आणि शिस्तीचं, पोटात मराठी आणि भांडणं. आणि फाइल मुळात मजकुराचीच असल्यामुळे या नोंदी बाहेरून शोधता येतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘फाइंड इन फाइल्स’ला फोल्डर दाखवायचं, शब्द टाकायचा, ज्या ज्या प्रोजेक्टमध्ये तो असेल त्यांची यादी येते. यासाठी वेगळं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आवराआवरीची सॉफ्टवेअर विकत घेणं हाही गाणं न करण्याचा एक प्रकार आहे.

जुन्या कामांच्या नोंदी भरायला पावसाळा गेला. दुसरी ओळ अडलेलीच होती, त्यामुळे वेळ होता. एकेक प्रोजेक्ट उघडून ऐकायचा, प्रसंग आठवायचा, लिहायचा. काही तुकडे ऐकून वाटलं, हे बरं केलं होतं आपण. काहींना फक्त ‘नको’ एवढीच नोंद मिळाली.

मग पुन्हा ताईंचा फोन. या वेळी मी तयारीत होतो. फोन कानाला ठेवूनच ‘मावशी’ टाइप केलं आणि यादी आली. तीन संस्था, तीन लेखक, तीन वेगवेगळ्या एकांकिका, आणि तिन्हींत मावशी मेलेली.

“ताई, कुठली मावशी?”

“अरे, ती नाही का, मरताना फार बोलते ती.”

तिघीही बोलतात. मी तिन्ही फाइली पाठवल्या, डॉक्युमेंट म्हणून.